अनधिकृत कडुलिंब

आधीच सांगून टाकतो, मला आप्पासाहेबाचा हेवा वाटत होता. अजूनही वाटतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, मनात मात्र अरेतुरे. इथं मनातलंच लिहायचं ठरवलं आहे, तेव्हा तसंच चालू दे.

मी सदाशिव सेलूकर. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर सरकार किती कमी असावं यावर लिहायला लागलो. ओळखीतल्या शंतनूच्या पेपरात दर रविवारी माझं सदर येतं, त्याला अकरा वर्षं झाली. आठवडाभरात सरकारनं जो काही विचित्रपणा केला असेल तो उचलायचा आणि सोलायचा, एवढंच काम. माझं म्हणणं साधं आहे. सरकारनं चोर पकडावा, कोर्ट चालवावं आणि उरलेला वेळ झोपावं. दुकानाची पाटी केवढी असावी, लग्नात किती माणसं जेवावीत, कलेला उत्तेजन कुणी द्यावं, हे ज्याचं त्याला कळतं. माझ्या बायकोला, यमुनाला, हे सगळं तोंडपाठ आहे. "सरकार नको म्हणता," ती म्हणते, "आणि नोव्हेंबर उजाडला की जिवंत असल्याचं सांगायला बँकेत पहिला नंबर तुमचा." पेन्शनचा विषय निघाला की मी आंघोळीला जातो.

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे. नकाशावर तो 'सार्वजनिक उपयोगासाठी राखीव' आहे. राखीव असल्यामुळे त्याचा कुणी कसलाच उपयोग करत नव्हतं, फक्त कचरा टाकायचे. मध्यभागी पाटी होती, 'येथे कचरा टाकू नये, हुकुमावरून'. लोक पिशव्या त्या पाटीला टेकवून ठेवायचे, म्हणजे कुत्री ओढून नेत नाहीत. या प्लॉटवर मी चार लेख लिहिले. जे सगळ्यांचं असतं ते कुणाचंच नसतं, म्हणून जागा सरकारच्या हातातून काढून गल्लीच्या हातात द्या, असं मी आकडेवारीसकट मांडलं. शिवाय वॉर्डाच्या ऑफिसात सत्तावीस अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. उत्तर न येण्यावर मी पाचवा लेख लिहिला.

मग आप्पासाहेब राहायला आला. मूळचा चितेगावचा. अर्धी जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेलेली, अर्धी अजून कसतो. मुलानं आमच्या समोरचं घर घेतलं तेव्हा हाही बरोबर आला. उंच, पांढऱ्या मिशांचा, आणि आवाज असा की हळू बोलला तरी तीन घरं ऐकतात. आल्यावर महिनाभर त्यानं तो प्लॉट पाहिला. एका शनिवारी सकाळी त्यानं कचऱ्याच्या गाडीवाल्याला बसवून चहा पाजला आणि दोन खेपांत सगळा ढीग उचलून घेतला. मागून ट्रॅक्टरनं शेतातली काळी माती आली.

मी गॅलरीतून पाहत होतो. राहवलं नाही म्हणून खाली गेलो आणि विचारलं, "आप्पासाहेब, परवानगी घेतलीत का?"

हे माझ्या तोंडून निघालं. अकरा वर्षं परवान्यांच्या नावानं बोटं मोडणाऱ्या माझ्या तोंडून.

"कोणाची?" त्यानं खरंच न कळून विचारलं.

"म्हणजे, जागा ज्यांची आहे त्यांची."

"जागा कोणाचीच नाय म्हणं. मग इचारायचं कोणाला, साहेब?" आणि तो फावड्याकडे वळला.

माझे पाच लेख त्यानं एका वाक्यात उरकले होते, आणि त्यातला एकही त्यानं वाचलेला नव्हता. मी घरी आलो. यमुनानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डोकं दुखतंय. डोकं नव्हतं, पोट दुखत होतं, आणि ते औषधानं राहणारं नव्हतं.

महिन्याभरात तिथं शहाबादी फरशीचे तीन बाक झाले, वर पत्र्याची शेड झाली आणि कडेनं कडुलिंबाची सात रोपं लागली. पाटी आप्पासाहेबानं तशीच ठेवली, तिच्या खांबाला पाण्याचा माठ टेकवला. भाजीवाली दगडाबाई पूर्वी कोपऱ्यावर उन्हात बसायची, ती भाजीची पाटी घेऊन शेडखाली आली. कुणी ठराव केला नाही, समिती नेमली नाही, उद्‌घाटनाला कुणाला बोलावलं नाही. मी आयुष्यभर जे व्हावं म्हणून लिहीत होतो ते माझ्या गॅलरीसमोर होत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण त्यानं पेपर वाचायला सुरुवात केली.

चितेगावात पारावर पेपर एकानं वाचायचा आणि दहांनी ऐकायचा, अशी त्याच्या वडिलांच्या वेळची रीत. त्यानं ती इथं आणली. सकाळी सातला तो मधल्या बाकावर बसायचा, चष्मा लावायचा आणि मोठ्यानं बातम्या वाचायचा. पहिल्या आठवड्यात पाच जण होते, मग वीस झाले. फिरायला जाणारे थांबायचे, दूधवाला गाडी बंद करायचा. उस्मानपुऱ्याहून दोन म्हातारे रिक्षा करून यायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे. माझ्या सदरासाठी उस्मानपुऱ्याहून कधी पोस्टकार्डही आलं नव्हतं.

मीही जायचो. न जाऊन कसं चालेल? शेवटच्या बाकाच्या टोकाला बसायचो आणि चेहरा कोरा ठेवून ऐकायचो.

एका रविवारी त्यानं माझं सदर उघडलं. "आज आपल्या सेलूकर साहेबांचं हाय," म्हणाला. मी सावरून बसलो. त्या आठवड्यात एक मजेशीर बातमी आली होती. कुठल्याशा गावात जनावरांची मोजणी करायला गेलेल्या पथकाला एका वळूनं गावाबाहेर पिटाळलं आणि अहवालात 'सरकारी कामात अडथळा' असा शेरा त्या वळूच्या नावे पडला. त्यावर मी सातशे शब्द लिहिले होते. नागरिक आणि वळू यांच्यात सरकारला फरक का दिसत नाही, मोजणी हीच मुळात सत्तेची पहिली पायरी कशी, असं सगळं. आप्पासाहेबानं ते चांगलं वाचलं, अडखळला नाही. माणसं ऐकत होती, चेहरे गंभीर. शेवटी त्यानं पेपर खाली केला आणि म्हणाला, "आता वळूला जामीन कोण ऱ्हाणार? गावातल्या समद्या गायी लाईनीत उभ्या असतील."

शेड हादरली. दगडाबाईनं डोळे पुसले. दूधवाला मांडीवर थापा मारत होता. शेजारचा म्हातारा माझ्या पाठीवर हात टाकून म्हणाला, "लई झ्याक लिव्हता राव तुम्ही!" हसले सगळे आप्पासाहेबाच्या वाक्याला आणि शाबासकी मला. मी म्हटलं, "धन्यवाद."

त्यानंतर दर रविवारी हेच. सांस्कृतिक म्हणवणाऱ्या एका खात्यानं रांगोळी स्पर्धा ठेवली आणि नियमांत छापलं की रांगोळी तीन प्रतींत सादर करावी. यावर मी संस्कृती आणि अनुदान यांचं नातं उलगडून दाखवलं होतं, कला मागणीतून वाढते, फायलीतून नाही, असा शेवटही जमला होता. आप्पासाहेबानं वाचून झाल्यावर विचारलं, "आन् वाऱ्यानं दोन प्रती उडाल्या तर?" झालं, पुन्हा तेच. घरी आल्यावर मी तो लेख पुन्हा वाचला. त्यात हे वाक्य असायला हवं होतं. का नव्हतं? मी दोन दिवस बसून सातशे शब्द घासतो आणि हा माणूस चष्मा पुसता पुसता एक वाक्य टाकतो. मत्सर म्हणजे काय ते मला साठाव्या वर्षानंतर कळलं. माणूस रात्री झोपला तरी मत्सर त्याच्या उशाशी जागा असतो, असं पुस्तकात लिहितात. माझा तर भरदिवसा, जेवताना, दात घासताना जागा असायचा.

मग शंतनूच आला. हा मुलगा मी लहानपणापासून पाहिलेला, आता पेपर चालवतो. एका सकाळी मोबाईल घेऊन शेडखालच्या आमच्या कट्ट्यावर उभा राहिला, आप्पासाहेबाची चित्रफीत काढली. ती दोन दिवसांत शहरभर फिरली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"काका, रागावू नका हं. आप्पासाहेबांचं बोलणं दर रविवारी उतरवून छापायचं म्हणतोय. लोकांना हवंय."

"छाप की," मी म्हटलं. "मोकळा बाजार आहे."

"जागेचा प्रश्न आहे, काका. तुमचं सदर महिन्यातून एकदा केलं तर चालेल ना?"

मोकळ्या बाजारावर मी निदान चाळीस लेख लिहिले असतील. ग्राहकाला हवं ते मिळावं, न खपणारा माल मागं पडावा, त्यात कुणावर अन्याय होत नाही. तो न खपणारा माल आपण असू शकतो, ही शक्यता मी एकाही लेखात विचारात घेतली नव्हती. रविवारच्या त्या दोन कॉलमांखेरीज माझ्याकडे दुसरं होतं काय? कचेरी सुटली, मुलगी मृण्मयी लग्न होऊन पुण्याला गेली. उरलं होतं ते एवढंच, की रविवारी सकाळी माझं नाव छापून येतं.

"विचार करून सांगतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारी जेवणाच्या टेबलावर मी फुलस्केप घेतला. यमुना भांडी लावत होती. "काय लिहिताय?" तिनं विचारलं.

"लेख."

ती जवळ आली आणि कागदाकडे पाहिलं. मी डावीकडे घडी घालून समास पाडलेला होता. "लेखाला तुम्ही कधी घडी घालत नाही," ती म्हणाली. "हा अर्ज आहे. कुणाविरुद्ध?"

"कुणाविरुद्ध कशाला असेल? सार्वजनिक हिताचा आहे."

तिनं ओला हात पदराला पुसला आणि आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

अर्ज मात्र सुरेख उतरला. माझ्या हाताला ती भाषा मुरलेली आहे. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर राखीव भूखंडावर कोणतीही पूर्वपरवानगी न घेता पत्र्याचे शेड, दगडी बाके व वृक्ष यांचे अतिक्रमण करण्यात आले असून...' कोणत्या नियमाचं कोणतं पोटकलम लागतं ते मला ठाऊक होतं. कुठला शब्द वापरला की फाईल टेबलावर थांबत नाही, तेही ठाऊक होतं. खाली लिहिलं, 'आपला विश्वासू, एक जागरूक नागरिक'. नाव नाही. तेवढी अक्कल शाबूत होती.

वॉर्डाच्या ऑफिसात खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पाहिला. "निनावी आहे काका. तो तक्रारपेटीत टाका."

भिंतीवर पत्र्याची पेटी होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. तक्रारपेटीत पडलेल्या कागदाचं पुढं काय होतं, हे माझ्याइतकं त्या इमारतीत कुणाला माहीत नसेल. चौतीस वर्षांत मी एकही कागद पोच घेतल्याशिवाय हातातून सोडलेला नाही. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. ती नसली तर मला कागद दिल्यासारखं वाटतच नाही. रजेचा अर्ज असो की मुलीच्या लग्नाची पत्रिका, साहेबांना दिली की दुसऱ्या प्रतीवर सही मागायचो, त्यावरून कचेरीत माझी चेष्टा व्हायची.

मी खिडकीकडे परत गेलो. "नाव टाकलं तर पोच द्याल?"

"नाव, पत्ता, मोबाईल. मग देते की."

मी 'एक जागरूक नागरिक' खोडलं आणि खाली संपूर्ण नाव, पत्ता, मोबाईल नंबर लिहून ठसठशीत सही केली. बाईंनी शिक्का मारला. क्रमांक पडला. प्रतीची घडी घालून खिशात ठेवली तेव्हा मला इतकं समाधान वाटलं की काय करून बसलो ते घरी पोचेपर्यंत ध्यानात आलं नाही. ध्यानात आल्यावर स्वतःला समजावलं, माझ्या सत्तावीस अर्जांचं जे झालं तेच याचं होईल. सरकार झोपलेलं असतं हे मीच तर अकरा वर्षं सांगतो आहे.

नवव्या दिवशी नोटीस लागली.

सकाळी सात वाजता आम्ही सगळे जमलो तेव्हा ती शेडच्या खांबाला चिकटवलेली होती. मी लांबूनच ओळखली. आप्पासाहेबानं ती हलक्या हातानं सोडवली, पेपर बाजूला ठेवला आणि मधल्या बाकावर बसला. "आजची पहिली बातमी आपलीच हाय," म्हणाला आणि चष्मा लावला.

मला उठून जायला हवं होतं. बसूनच राहिलो. सरकारी पत्रात आधी विषय असतो आणि लगेच त्याखाली संदर्भ असतो. अशी हजारो पत्रं मी टंकलेखकाकडून करून घेतली आहेत. संदर्भात काय लिहितात ते मला माहीत होतं.

"विषय," आप्पासाहेबानं खणखणीत आवाजात वाचलं. "राखीव भूखंडावरील अनधिकृत शेड, अनधिकृत बाके व अनधिकृत कडुलिंब निष्कासित करणेबाबत." त्यानं वर पाहिलं. "कडुलिंब अनधिकृत. म्हंजे आता सावली पाडायची तर त्येनं आधी अर्ज करावा. आन् पानगळीला येगळी परवानगी."

हशा पिकला. त्या हशाच्या भरात तो पुढं वाचत गेला. "संदर्भ. श्री. सदाशिव विनायक सेलूकर, राहणार पुंडलिकनगर, यांचा तक्रार अर्ज..."

नाव पूर्ण वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय वाचलं. सगळे माझ्याकडे वळले. दगडाबाईच्या हातात मेथीची जुडी होती, ती तशीच राहिली. "अगं बया," ती म्हणाली.

आप्पासाहेब माझ्याकडे पाहत होता. फार वेळ नाही, दोन श्वास घेण्याइतका. त्याला कळलं. मी सांगतो, त्याच दोन श्वासांत त्याला सगळं कळलं, अर्ज का केला तेसुद्धा. मग तो मोठ्यानं हसला.

"आरं, हा तर साहेबांचा डाव हाय! इतकी वर्षं ते लिव्हत्यात, कचऱ्याच्या टायमाला सरकार येत नाय, सत्तावीस अर्ज केले तरी येत नाय. म्हणून त्येंनी आपलाच कट्टा पुढं केला. बघा म्हणं, झाड लावलं की कसं नऊ दिसात पळत येतं! व्हय का नाय, साहेब?"

शेडखाली जे हसू फुटलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलं होतं, पण माझ्यासाठी नव्हे. दूधवाल्यानं टाळ्या वाजवल्या. उस्मानपुऱ्याचा म्हातारा म्हणाला, "क्या बात है साहब, स्वतःवरच नोटीस!" सगळे माझ्याकडे पाहून हसत होते, कौतुकानं. वर्षानुवर्षं जे हवं होतं ते समोर होतं. त्या वेळी 'नाही' म्हणणं शक्य होतं. एक शब्द लागला असता.

मी मान डोलावली.

तासाभरात शंतनूचा फोन. "काका, भन्नाट! सरकारची परीक्षा घेतलीत तुम्ही. या रविवारी पहिल्या पानावर घेतो, हवे तेवढे शब्द लिहा. आणि सदर दर आठवड्याला राहील, ते महिन्याचं विसरा." मी लिहायला बसलो आणि एका बैठकीत लिहून काढलं. झाड लावायला परवानगी लागते, कचरा टाकायला लागत नाही, असं पहिलं वाक्य होतं. चांगलं होतं. सगळं खरं होतं, फक्त लिहिणारा खोटा होता.

"आप्पासाहेबांना भेटून आलात का?" यमुनानं विचारलं.

"भेटून काय करू?"

"तुम्हाला माहीत," ती म्हणाली.

कट्ट्यावर लोक निर्धास्त होते. नोटीस चिकटवली म्हणजे काम झालं, आता वर्षभर कुणी येत नाही, असं सगळ्यांचं मत. मला तसं वाटत नव्हतं, कारण अर्ज मी लिहिला होता. बुधवारी वॉर्डाच्या ऑफिसात गेलो आणि म्हटलं, तक्रार मागं घ्यायची आहे. खिडकीवरच्या बाई मला ओळखत होत्या. त्यांनी माझा नवा अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. म्हणाल्या, "अर्ज मागं घेता येतो, काका. कार्यवाही मागं घेता येत नाही."

"पण तक्रारच राहिली नाही तर कार्यवाही कशावर?"

"तुम्हीच किती मुद्देसूद लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आमच्या साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवलं, तक्रार अशी असावी म्हणून."

शुक्रवारी दहा वाजता जेसीबी आला. चालकाला काही देणंघेणं नव्हतं, त्याला कागद दिला होता. आप्पासाहेबानं कुणाला आडवं होऊ दिलं नाही. त्यानं पेपर उचलला, माठ उचलून खाली ओतला, दगडाबाईची भाजीची पाटी स्वतः उचलून पलीकडे उन्हात ठेवली. शेड पडायला वेळ लागला नाही. बाकांच्या फरश्या फुटल्या. कडुलिंब आता कमरेएवढे झाले होते. ते जेसीबीला दिसतही नसावेत, तो त्यांच्यावरून गेला. 'येथे कचरा टाकू नये' ही पाटी मात्र चालकानं काळजीपूर्वक वाचवली, कारण ती अधिकृत होती.

दगडाबाई पदर डोक्यावर ओढून माझ्याकडे आली. "साहेब, तुमचा डाव जरा लांबलाच," म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला अजूनही तो डावच वाटत होता.

माणसं पांगली. आप्पासाहेब मातीतून एक रोप उकरून पाहत होता, मूळ शाबूत आहे का. मी जवळ गेलो. काय म्हणायचं ते घरून ठरवून निघालो होतो, माफीचंही वाक्य जुळवलं होतं. त्यानं मला तोंड उघडू दिलं नाही.

"साहेब," तो मान वर न करता म्हणाला, "पेपर वाचायचा व्हता तर मागायचा. मी दिला असता की."

तेवढंच. त्यानं शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. लोकांसमोर नोटीस दोनदा वाचली असती. तिथं उभ्या उभ्या मला त्याच्या मोठ्या मनाचाही हेवा वाटला, आणि असं वाटल्याची लाज वाटली, पण हेवा गेला नाही.

रविवारी मी जाणार नव्हतो. सातला खाली आवाज ऐकू आला म्हणून गॅलरीत गेलो. सपाट केलेल्या मातीत पंधरा-वीस माणसं उभीच होती. आप्पासाहेबानं वर पाहिलं आणि हात केला. मी उतरलो.

त्यानं हातातला पेपर माझ्यापुढं धरला. पहिल्या पानावर माझं नाव होतं, जाड टाईपात. "घ्या," तो म्हणाला. "आज तुमीच वाचा."

मी वाचायला लागलो. माझा आवाज लहान आहे, मागच्यांना पुढं सरकावं लागलं. झाड लावायला परवानगी लागते, कचरा टाकायला लागत नाही. मी थोडा थांबलो. इथं हसतील असं लिहिताना वाटलं होतं. कुणी हसलं नाही, सगळे आप्पासाहेबाकडे बघत होते. तो हाताची घडी घालून, मान तिरकी करून मन लावून ऐकत होता. दुसऱ्या परिच्छेदापाशी मी पुन्हा थांबलो, तिसऱ्यापाशीही. प्रत्येक वेळी वीस माणसं त्याच्याकडे वळायची. त्यानं तोंड उघडलं नाही. अडवायचं म्हणून नाही, पेपर मला दिला होता म्हणून.

उरलेलं मी भराभर वाचलं. वाचून झाल्यावर पेपर खाली केला. ऊन वर आलं होतं, डोक्यावर काही नव्हतं.

"संपलं का?" दगडाबाईनं विचारलं.

"संपलं," मी म्हणालो.